प्रयोग अण्णांवर, आणि बिलही अण्णांनाच?

अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आता त्यांना माझं नाव आठवत नाही. पण हातात नेलकटर आलं, की पलंगाच्या दांडीवर टिकटिक वाजवतात आणि म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे." अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात आम्ही एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. स्टेम सेलची (मूळ पेशींची) चार इंजेक्शनं, साडेसहा लाख. "मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात," असं सांगितलं. ताई तिथल्या तिथे पाटल्या मोडायला तयार झाली. घरी येईपर्यंत मीही पैशांची जुळवाजुळवच करत होते.

मग रात्र रात्र वाचत बसले. या आजारात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात, पेशींमधले जोड तुटतात, सूज राहते. सध्या रुग्णांवरच्या बहुतेक चाचण्यांत वापरतात त्या मेसेन्कायमल पेशी, म्हणजे अस्थिमज्जा, नाळ अशा ठिकाणच्या स्टेम सेल. त्या मेंदूच्या नव्या पेशी होत नाहीत. त्यांच्यातून सुटणारी द्रव्यं सूज कमी करतील, ही आशा आहे. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये 9 रुग्णांच्या थेट मेंदूत अशा पेशी सोडल्या होत्या. 2015 मध्ये अहवाल आला. रुग्णांना ते सोसलं, पण आजार थांबला नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत, सौम्य आजार असलेल्यांत, मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झालेला दिसला. रुग्ण पन्नासच्या आत. हे वाचून मला खरंच बरं वाटलं. हे संशोधन जोरात व्हायला हवं, आपल्याकडेही व्हायला हवं.

पण संशोधन म्हणूनच! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या. चाचणीला नैतिकता समिती लागते, सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते, आणि त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. मी क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. "मॅडम, आधी ॲडव्हान्स भरा, मग कागद देतो."

आम्ही नाही भरला. त्या पैशांतून दिवसभरासाठी मावशी ठेवल्या आहेत. आई दोन वर्षांनी दुपारची झोपते आहे.

तुमच्या घरी कुणी असा खर्च सांगितला असेल तर पैसे भरायच्या आधी मला मेसेज करा. सीटीआरआयवर नंबर कसा शोधायचा, ते मी बसून दाखवेन.