अलिबागच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या चार तक्रारी आहेत: कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागला, ड्रायव्हरने साडेतीनलाच निघायची घाई केली, जंजिऱ्याला नेलं नाही, आणि पुणे-अलिबाग अंतर साधारण 145 किलोमीटर असताना बिल 340 किलोमीटरचं आलं. पहिली चूक पूर्णपणे आमची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे, आणि चालत किंवा घोडागाडीने तिथे फक्त ओहोटीलाच जाता येतं. तुम्हाला दिलेल्या वेळापत्रकात आम्ही "सकाळी 11, कुलाबा किल्ला" असं लिहिलं होतं. त्या रविवारी पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन भरतीला, तीही उधाणाच्या, आम्ही तुम्हाला आईवडिलांसह किनाऱ्यावर उभं केलं. बुकिंग घेताना कॅलेंडरात तिथी पाहिली असती तर हे टळलं असतं. भरतीच्या वेळी किल्ल्याकडे होड्या जातात, हेही ड्रायव्हरने तुम्हाला सांगायला हवं होतं. सत्तरीतल्या माणसांना पाण्यात उभ्या होडीत चढता-उतरता येईल का, हा निर्णय तुमचा होता, त्याचा नव्हे.

ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी. त्या दिवशी ती संध्याकाळी साडेपाचच्या आसपास होती. ड्रायव्हरने थांबायला नकार दिला तो मात्र बरोबर होता. रविवारी चारनंतर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या अलिबाग-पोयनाड-वडखळ रस्त्यावर येतात आणि वडखळ नाक्यावर सगळं तुंबतं. पेणपर्यंत आपल्यालाही त्याच गर्दीतून जावं लागतं, खोपोलीचा रस्ता तिथे वेगळा होतो. किल्ला पाहून सातला निघालं असतं, तर पहाटेपासून गाडी चालवणारा माणूस मध्यरात्री बोरघाट चढत असता. ते आम्ही कोणालाच करू देत नाही.

जंजिऱ्याचं म्हणाल तर अलिबागहून मुरूड 50 किलोमीटरच आहे, पण चौल, रेवदंडा, काशीदवरून जाणारा हा रस्ता अरुंद आणि वळणांचा. दीड-पावणेदोन तास धरा. पुढे राजपुरीच्या धक्क्यावर होडीची रांग, किल्ला पाहणं आणि परतीची होडी यात तीन तास सहज जातात. एका दिवसात कुलाबा आणि जंजिरा दोन्ही पुण्याहून होत नाहीत. जंजिरा हवा असेल तर मुरूडला मुक्काम करा, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात हे लक्षात ठेवा.

आता बिल. जाऊन-येऊन 290, तुमच्या सांगण्यावरून रेवदंड्याचा फेरा 34, आणि आमच्या गॅरेजपासून तुमच्या घरापर्यंतचे दोन्ही वेळचे मिळून 16. बेरीज 340. मीटरचे फोटो तुम्हाला पाठवले आहेत. किलोमीटर गॅरेज ते गॅरेज मोजतो आणि दिवसाला किमान 300 धरतो, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ते आता लिहिलं आहे. आकडा बरोबर असला तरी किल्ला आमच्यामुळे हुकला, म्हणून बिलाची निम्मी रक्कम परत करत आहोत.

पुन्हा जाणार असाल तर शुक्ल किंवा वद्य पक्षातली चतुर्थी ते सप्तमी निवडा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून. चतुर्थीला ओहोटी नऊच्या सुमारास, पुढे रोज पाऊण तास उशिरा. अष्टमीला ती बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, त्यामुळे पाणी पुरतं हटत नाही, कधी घोटाभर तर कधी गुडघाभर राहतं. चतुर्थी असेल तर पुण्याहून पहाटे पाचला निघा, म्हणजे वाटेत चहा घेऊनही साडेआठला किनाऱ्यावर असाल. सप्तमीला सातला निघालात तरी चालेल. पाऊणपटीचा हिशेब दिवस ठरवायला पुरतो. पाण्यात पाऊल टाकण्याआधी मात्र त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. आईवडिलांसाठी घोडागाडीच करा. चालणाऱ्यांनी मागे पट्टा असलेले सँडल घालावेत, कारण खडकांवर शेवाळ असतं आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने पाय कापतो.

किल्ल्यात तास-सव्वा तास पुरे. सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची पुष्करणी, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा चुकवू नका. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी पाहून आईवडिलांना नक्की आनंद होईल. पाणी सर्वांत खाली गेल्यापासून तासाभरात मात्र परत किनाऱ्यावर या. गाडी पार्किंगमध्येच राहील. कोणी कितीही आग्रह केला तरी आमचा ड्रायव्हर ती वाळूत उतरवणार नाही. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती लागली तर गाडी हातची जाते.

तारीख ठरवण्याआधी फोन करा. तिथी आणि ओहोटीची वेळ आम्ही लेखी देऊ, गाडी त्यानंतर ठरवू.