‘उदाहरणार्थ’ हा शब्द चुकून आलेला नाही

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयी (१९६३) एक मत वारंवार ऐकू येते: ही कादंबरी घाईत लिहिली गेली, तिच्यातील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ही कॉलेजातल्या मुलांची बोलण्याची लकब आहे, आणि ‘कोसला’ या नावातले, किड्याच्या कोशाचे प्रतीक शीर्षकापलीकडे कुठेच नाही. यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

लेखन तीन आठवड्यांच्या आत झाले, हे खरे. परंतु वाक्याच्या घडणीचा निवाडा छापील पानावर करायचा असतो, दिवस मोजून नव्हे.

लकबीच्या आक्षेपाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. आरंभीच कादंबरीचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले नाव सांगतो आणि आज आपण ‘उदाहरणार्थ’ पंचवीस वर्षांचे आहोत, असे म्हणतो. वय ही उदाहरण देऊन सांगण्याची गोष्ट नव्हे. नुसती लकब असती, तर हा शब्द बोलण्याच्या ओघात बसला असता. इथे तो वाक्यात खटकतो, आणि त्या खटकण्यातूनच आपले आयुष्य असंख्य आयुष्यांपैकी एक नमुना आहे, हा कादंबरीचा सूर लागतो. ‘शंभरांतील नव्याण्णवांस’ ही अर्पणपत्रिका या वाक्याशेजारी ठेवून वाचावी. ‘वगैरे’चे काम निराळे आहे: एखादी भारदस्त गोष्ट उच्चारून तिला ‘वगैरे’ जोडले, की तिचे वजन तिथेच उतरते.

अशा बोलण्यात दुःख मावत नाही, असेही म्हटले जाते. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग वाचावा. तिच्यासोबत तिचे इवलेसे गर्भाशयही गेले आणि त्यामुळे पुढची मोठी खानेसुमारी वाचली, असे पांडुरंग म्हणतो. खानेसुमारी म्हणजे जनगणना; असा सरकारी, कोरडा शब्द शोकाच्या मधोमध आल्यामुळे तिथे हुंदका दाटतो. अश्रूंची विशेषणे जोडून हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

राहिला कोश. ‘कोसला’ म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेले घर, आणि स्वतःकडेच वळून येणारे हे प्रथमपुरुषी निवेदन, मध्येच रोजनिशीत शिरणारे, तसेच विणले गेले आहे. म्हणूनच ते प्रतीक वेगळे उच्चारावे लागत नाही. पुण्याहून पदवी न घेता पांडुरंग गावी परततो, आणि त्या कोशातून फुलपाखरू बाहेर पडल्याचे कादंबरी कुठेही सांगत नाही.