दातांच्या नावावर खपवलेली हगवण

उन्हाळा लागला की बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: 'बाळाला दात येताना ताप आणि हगवण होणारच. अंगातली उष्णता बाहेर पडते, ती बंद करू नका. टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळा. दात येईपर्यंत वरचं खाणं देऊ नका. दात उशिरा आले म्हणजे कॅल्शियम कमी. वरचे दात आधी आले तर मामावर भारी.' खाली हात जोडलेले, आणि 'दहा आयांना पाठवा'.

या सगळ्यात महागात पडतं ते हगवणीचं वाक्य.

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या आयुष्यात बरंच काही एकदम घडतं. खालचे पुढचे दोन दात डोकावू लागतात. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. वरचं खाणं सुरू होतं. म्हणजे वाटी-चमचा, माठातलं पाणी आणि सकाळी शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवलेली खिचडी आली. लेकरू रांगायला लागतं आणि ओसरीवर सापडेल ते, आबाजीच्या चपलेसकट, तोंडात घालतं. जंतू पोटात जातात ते या वाटांनी. दात तेवढा त्याच वेळी तिथे हजर असतो.

शिवाय दुधाचे दात 20, आणि ते येतात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत. या काळात लेकरू कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात वर येतच असतो. आजीने तोंडात बोट घातलं की हिरडी फुगलेली लागते आणि निदान पक्कं होतं: "दातं येऊन रायले लेकराले, पातय संडास होनारच!"

हे कुणी तपासून पाहिलं नाही असं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 125 बाळांच्या पालकांकडून रोजच्या रोज नोंदी घेतल्या. 2000 साली त्या प्रसिद्ध झाल्या. दात फुटण्याच्या दिवसांत लाळ गळणं, हिरड्या चोळणं, चावणं, किरकिर आणि अंग किंचित कोमट होणं वाढलेलं दिसलं. पातळ शी, उलटी, खोकला आणि 102 फॅरनहाइटच्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध सापडला नाही. म्हणजे आजी लाळ आणि किरकिरीबाबत बरोबर आहे, हगवणीबाबत नाही.

'उष्णता बाहेर पडते' म्हणे. बाहेर पडतं ते पाणी आणि मीठ. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, टिनाच्या घरात तर विचारूच नका. तिथे सात-आठ किलोचं लेकरू किती लवकर सुकेल? मग 'टाळू बसली' म्हणून तिच्यावर तेल भरतात. अहो, ती टाळू अंगातलं पाणी कमी झालं म्हणूनच बसलेली असते! डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जाणं, ही त्याचीच लक्षणं. लेकरू सुस्त पडलं, पीत नसलं किंवा शीतून रक्त गेलं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तोवर आणि त्यानंतरही अंगावरचं दूध चालू ठेवायचं. आशाताईकडे ओआरएसची पुडी फुकट मिळते. मोठी पुडी असेल तर ती सगळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायची, थोडी-थोडी नाही. दर शीनंतर चमच्या-चमच्याने पाजायचं आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. जोडीला झिंकची गोळी रोज, 14 दिवस: सहा महिन्यांच्या आत 10 मिलिग्रॅम, पुढे 20. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी गोळी सोडायची नाही. नेमकी तिथेच बहुतेक घरांत ती सुटते.

तापाचंही तेच. 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर तो दाताच्या खात्यावर टाकू नये. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाचं लेकरू म्हणजे आधी मलेरियाची रक्ततपासणी. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची.

आणि विदर्भात आणखी एक आजार याच वयात दाताच्या आड लपतो: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते असेपर्यंत हा आजार दबून राहतो. ते पहिल्या काही महिन्यांत कमी होत जातं आणि सहाव्या महिन्यापासून सिकलसेलची दुखणी दिसू लागतात. लेकरू रडरड करतं, ताप येतो, हाता-पायाचे पंजे सुजतात. घरचे म्हणतात दात. पंजे सुजलेले दिसले तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मधात कालवलेला बोरॅक्स चोखणीला लावल्याने सात बाळांना झटके आल्याची नोंद डॉक्टरांनी 1983 साली केली आहे. नुसता मधही वर्षाच्या आत नको. त्यातल्या जिवाणूच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. 'जुनं ते निर्धोक' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, इंग्लंडातही दात येण्याची पावडर पिढ्यान्‌पिढ्या विकली जाई. तिच्यात पारा होता. हिरड्या शिवशिवत असतील तर धुतलेल्या बोटाने चोळा किंवा स्वच्छ, गार ओला फडका चावायला द्या. मेडिकलमधून हिरडी बधिर करणारं जेल आणू नका.

दात येईपर्यंत खाणं नको, हा सल्ला तर आपल्याच रीतीला सोडून आहे. उष्टावण सहाव्या महिन्यात करतात, तेव्हा दात मोजतो का कुणी? मऊ वरण-भात, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या हिरड्यांनी सहज चिरडल्या जातात. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही. दाताची वाट पाहण्यात तीन-चार महिने गेले तर वजनाचा काटा अडतो, आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात लेकरू 'कमी वजन' रकान्यात जातं.

उशिरा दात? पहिला दात वर्षाचं झाल्यावर आला तरी बहुतेकदा काळजीचं नसतं. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात, कॅल्शियमच्या बाटलीने ते घाईने वर येत नाहीत. दीड वर्षापर्यंत एकही नाही, किंवा सोबत बसणं-उभं राहणंही मागे पडलंय, तर डॉक्टरांना दाखवा. लवकर दात म्हणजे लेकरू हुशार, हेही खरं नाही.

राहिला मामा. वरचे दात आधी येणं हा नुसता क्रमाचा फरक. मामाला काही होत नाही. चांदीच्या वाटीचा खर्च त्याला उष्टावणालाच पडून गेलेला असतो.