"बंद ॲम्प माथी मारला" या जुन्या ॲम्प्लिफायरच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर
नमस्कार सर, घरी पाहुणे बसलेले असताना डावा स्पीकर वाजलाच नाही, तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. एक स्टार दिलात तेही मान्य. पण "बंद पडलेला ॲम्प माथी मारला" हे वाचून काल झोप लागली नाही हो, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो ॲम्प तुमच्यासमोर ४० मिनिटं वाजवून दाखवला होता, बॅलन्सचा नॉब पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून, आणि दोन्ही स्पीकरला कान लावून तुम्हीच म्हणालात की आवाज मस्त आहे. मग घरी नेल्यावर एक चॅनल गेला कसा? तुम्ही पाठवलेल्या मागच्या बाजूच्या फोटोतच दिसतंय सर. प्री-आउट आणि मेन-इन लिहिलेली चार सॉकेट आहेत, उजव्या जोडीत यू आकाराची धातूची क्लिप आहे आणि डाव्या जोडीत नाही. अशा जुन्या ॲम्पमध्ये प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) बाहेरून त्या क्लिपनेच जोडलेले असतात, ती काढली की सिग्नल तिथेच अडकतो, लाइट लागते पण त्या बाजूला चिडीचूप, माणसाला वाटणारच की जळला. फोनवर तुम्हीच सांगितलंत की पुसताना एक क्लिप निघाली, पॅकिंगची असेल म्हणून बाजूला ठेवली. माहीत नसेल तर कुणालाही तसंच वाटेल, त्यात तुमची चूक धरत नाही, पण रिव्ह्यूत तेवढं एक वाक्य यायला नको होतं का?

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, आवाज बारीक येतो म्हणालात, तर त्याची केबल ऑक्सला, म्हणजे सीडी प्लेअर वगैरे लावायच्या सॉकेटला लागलीय. एमएम कार्ट्रिज (सुई बसवलेला, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत, म्हणून टर्नटेबल फोनोलाच, म्हणजे तो बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सॉकेटलाच लावायचं आणि सोबतची बारीक वायर जीएनडीच्या (ग्राउंडच्या) स्क्रूला आवळायची, नाहीतर घुंss असा हम येतो.

फोन उचलला नाही म्हणता, तो रात्री ११ वाजून १० मिनिटांनी आला होता, सकाळी दुकान उघडायच्या आधी मीच परत लावला.

जुना माल विकतो पण भंगार नाही विकत सर. प्रत्येक पीस उघडून ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेले डाग, बघतो, नॉब आणि स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करतो, मगच शेल्फवर ठेवतो. या धंद्यात गिऱ्हाईक विश्वासावर येतं, आणि कालपासून दोघांनी तुमचा रिव्ह्यू दाखवून मला विचारलंय. यापुढे क्लिपवर लेबल वगैरे लावायचं बघतो, जोडणीचा कागदही देऊ.

आता एवढंच करा, ॲम्प बंद करून प्लग काढा, क्लिप डाव्या जोडीत पूर्ण आत दाबा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि हळूहळू वाढवा. क्लिप हरवली असेल तर आखूड आरसीए केबलही (त्याच गोल सॉकेटांत बसणारी ऑडिओ केबल) चालते. तरी नाही वाजला तर घेऊन या, उघडून बघतो, एक पैसा घेणार नाही. आणि वाजला, तर तेवढं इथे लिहा.