शुगरच्या गोळ्या आणि माझी फी : खानापूरच्या काकांना उत्तर

काका, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी डॉक्टर नाही, आज्जी फुकट सांगायची ते मी पैसे घेऊन सांगते, आणि माझ्यासारख्याच एका वेलनेस कोचच्या, म्हणजे खाणं-राहणी सुधारायला मदत करणाऱ्याच्या, शब्दावर तुमच्या बहिणीनं शुगरच्या गोळ्या बंद केल्या. राग येणारच की ओ.

डॉक्टर नाही, हे खरंच. आहारतज्ज्ञांना २०२१ च्या कायद्यानं नोंदणीच्या चौकटीत आणलंय, आम्हा वेलनेस कोचना तसलं बंधन नाही. उद्या वडगावात कुणीही बोर्ड लावू शकतो, आणि लावतातही. कितीतरी जण निव्वळ पावडरचे डबे खपवायला. पण ‘शुगर कायमची बरी करतो’ अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, तिन्ही त्या यादीत आहेत. तसला बोर्ड दिसला तर पायरीसुद्धा चढू नका.

आज्जीच्या मुद्द्यावर मात्र मी भांडणार. ‘गोड कमी करा, चाला’ हे डॉक्टरही सांगतात; बाहेर पेशंटांची रांग असते, ते तरी किती वेळ देणार? ते घरात बसवायचं कसं, हे माझं काम. यंत्रमागावरची माणसं हमखास म्हणतात, ‘मी गोड खातच नाही.’ मग मी चहा मोजायला लावते. पाच कप, कपात दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरा : झाली ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची वरची मर्यादा साधारण तेवढीच, आणि आपला गोड कुंदा तर अजून ताटात आलेलाच नाही! आता रात्रपाळीवाल्याला चहा सोड म्हणून चालत नाही, झोप त्यावरच आवरते. म्हणून आधी दीड चमचा, मग एक. पाळी कुठली, झोप कधी, घरात भाकरीवर कोण तोंड वाकडं करतं, सगळं विचारते. माझं ‘होलिस्टिक’, म्हणजे सगळ्या बाजूंनी बघणं, ते एवढंच. त्यात चक्रं-बिक्रं नाहीत. दर आठवड्याला फोन करून विचारत राहायचं, फी त्याची घेते.

गोळ्यांना मी हात लावत नाही. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना माणसानं एकदम जेवण तोडलं, किंवा श्रावणात कडक उपास धरला, तर साखर धोक्याइतकी खाली येते : घाम, थरथर, कधी शुद्धही जाते. म्हणून औषध चालू असेल तर ताटात मोठा बदल करण्याआधी मी डॉक्टरांना विचारून यायला लावते. कुणी कुरकुरलं तर त्यांचं काम घेत नाही.

बहिणीला दाखवायला मात्र उशीर करू नका. उद्याच तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या सोबत घ्या. किती दिवस बंद होत्या ते लपवू नका, आणि जुना डोस मनानंच परत सुरू करू नका. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करायला सांगतील, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी कळते. फार तहान, उलट्या किंवा गुंगी असेल तर उद्याचीही वाट बघू नका, आत्ताच दवाखाना गाठा.