घरफोडीला निघताय? श्वास घरी ठेवून निघा

हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला, सगळं झालं. पण मालक, श्वासाचं काय केलंत? तिकडं ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या मंडळींनी खोलीतल्या हवेतून आणि एसीच्या आतून माणसाचा डीएनए काढून दाखवलाय. बोलताना, खोकताना, नुसतं डोकं खाजवतानाही आपला भुगा उडत असतो. ताजा हवेत तरंगतो, जुना एसीत साचतो. चोर मुद्देमाल नेतो आणि स्वतः थोडा मागं राहतो.

म्हणून घर परभणीतलं निवडा, महिना मे. तिथं खिडकीला असतो पत्र्याचा कूलर, खाली चार विटा, गवताच्या ताट्या गेल्या उन्हाळ्यातल्याच. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कूलर अख्ख्या गल्लीची हवा आत ओढतो. ताट्या तपासल्याच तर टँकरच्या रांगेतली भांडणं, पानटपरीवरचं राजकारण, सगळ्या गल्लीचा डीएनए निघेल. त्यात तुम्ही कुठले, हे त्यांनी शोधायचं.

आणि पळू नका. सकाळी पंचनाम्याला या. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर यायचंय. राज्यांना तयारीसाठी 5 वर्षांची सवलतही आहे. तो येईपर्यंत मालकाचा मेहुणा कपाट चार वेळा उघडून दाखवतो, आत्याबाई पलंगावर बसून रडतात, आणि ‘चोर इथूनच शिरला’ हे पटवायला एकजण खिडकीतून शिरूनही दाखवतो. तुम्ही चहाचे कप फिरवा. आता तुमचा डीएनए तिथं असायला सबळ कारण आहे.

तरी धरलंच, तर वकिलाला जर्मनी आठवून द्या. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण उगाच म्हणत नाही. तिथं आणि शेजारच्या देशांत मिळून सुमारे 40 गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए सापडला. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागं. 2009 मध्ये उलगडलं, की नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्याच कारखान्यात एका कामगार बाईच्या हातून खराब झाल्या होत्या. कापूस म्हणजे आपलंच पीक की! भावात दगा देतो, कोर्टात तरी कामी येईल.

फक्त समोरच्या ओट्यावर झोपलेली म्हातारी तेवढी सांभाळा. तिला डीएनए कळत नाही. अंधारात तुम्ही नुसता घसा खाकरलात, की ती गोधडीतूनच विचारते, “कोण रं? पाटलाचा धाकटा का?”