श्श! आलंय!

घरात गाणं लावायला मला हल्ली फक्त तोंड उघडावं लागतं. कपाटावरच्या डबीला हुकूम सोडला की ती गाते. कधी कधी हुकूम न सोडताही गाते, पण ते असो. इतकं सगळं सुखात चाललेलं असताना एका रविवारी माझ्या डोक्यात आलं की एक संध्याकाळ शंभर वर्षांपूर्वीच्या रेडिओवाल्यासारखी काढावी. बॅटरी नाही, प्लग नाही. हातानं केलेला क्रिस्टल सेट, म्हणजे खड्यावर चालणारा साधा रेडिओ, कानाला हेडफोन आणि हवेतून येईल ते संगीत.

"अहो, ते आत्ताही हवेतूनच येतं ना?" ही म्हणाली. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी तो ऐकू न आल्यासारखं केलं.

क्रिस्टल सेट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर वाइंडिंगची तार गुंडाळायची, जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन बदलायचा भाग, काढून जोडायचा, एक खडा, एक हेडफोन, एक एरियल, एक अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी तार. वाचताना पाच मिनिटांचं काम वाटतं. मी नळीवर ऐंशी वेढे घेताना बासष्टाव्या वेढ्याला दारावरची बेल वाजली आणि दार उघडून परत येईपर्यंत सगळी तार स्प्रिंगसारखी उलगडून सोफ्याखाली गेली. दुसऱ्यांदा वेढे मोजायला मुलीला बसवलं. तिनं मोबाइलमध्ये बघत बघत मोजले. त्यामुळे आमच्या कॉइलला नक्की किती वेढे आहेत, हे आजही कुणाला माहीत नाही.

खरा कारभार खड्याचा. गॅलेना नावाचं शिशाचं खनिज, काळपट, चकचकीत. त्यावर बारीक तारेचं टोक अलगद टेकवायचं. या तारेला इंग्रजी मुलखात मांजराची मिशी म्हणत. खड्यावर एखाद-दोनच जागा अशा असतात की मिशी तिथे टेकली तरच आवाज येतो. त्या कुठे, हे खडा सांगत नाही. बोटं थरथरली की जागा गेली, टेबलाला धक्का लागला की गेली, शेजारून कुणी पाय आपटत गेलं की गेली. गॅलेनाचा हा गुण जगदीशचंद्र बोस यांनी फार आधी हेरला होता आणि १९०४ साली त्यांना त्याचं अमेरिकेत पेटंटही मिळालं होतं. हे मी घरात मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. आपण करतोय ते खूळ नसून परंपरा आहे, असं वातावरण तयार झालेलं बरं असतं.

एरियलसाठी गच्चीवर गेलो. टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत तार ताणत असताना खालच्या मजल्यावरचे काका आले आणि विचारलं, "कपडे वाळत घालायला का?" मी म्हटलं, "नाही, गाणं धरायला." ते दोन पावलं मागे सरकले.

काकांना काय माहीत, या धंद्याला गच्चीवरच्या वेड्यांची मोठी पुण्याई आहे ती! २७ ऑगस्ट १९२० रोजी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये सुसिनी नावाचा एक डॉक्टर आणि त्याचे मित्र कोलिसेओ थिएटरच्या छतावर यंत्र घेऊन चढले आणि खाली चाललेला वाग्नरचा 'पार्सिफाल' हा ऑपेरा त्यांनी हवेत सोडला. ऐकायला यंत्रं होती मोजक्या घरांत. गावानं पुढे त्यांना नावच दिलं, 'गच्चीवरचे वेडे'. मी हे काकांना सविस्तर सांगितलं. काकांनी त्यातला फक्त शेवटचा शब्द उचलला आणि तो संध्याकाळपर्यंत इमारतभर पोचवला. प्रक्षेपण याला म्हणतात.

राहता राहिलं अर्थिंग. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, तार नळाच्या पाइपाला बांधा. त्या लेखकांच्या काळी पाइप लोखंडाचे होते. आमच्याकडे सगळं प्लास्टिक. शोधता शोधता एकच जुना लोखंडी पाइप सापडला, तोही न्हाणीघरात, आणि त्याच पाइपावरच्या नळावर घराची सगळी आंघोळ चालते. मी तार बांधली आणि जाहीर केलं की नऊपर्यंत नळाला कुणी हात लावायचा नाही.

"गाण्यासाठी?" ही म्हणाली.

"गाण्यासाठी."

"कुणाच्या?"

आता हे मला कसं माहीत असणार? त्या काळातल्या ऐकणाऱ्यालाही सगळ्यांत कमी महत्त्वाचा प्रश्न हाच असे. कोण गातंय ते नंतर. आधी 'येतंय का' ते बोला. १९१० च्या जानेवारीत ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून साक्षात कारुसोचं गाणं हवेत सोडलं होतं. मुद्दाम बोलावलेले बातमीदार कानाला यंत्रं लावून बसले आणि त्यांना धड काही ऐकूच आलं नाही. जगातला सगळ्यांत नावाजलेला गळा, आणि ऐकायला खरखर. त्याच्याही आधी, १९०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री, फेसेंडेन नावाच्या संशोधकानं आपण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या बोटींना व्हायोलिन वाजवून ऐकवलं, असं पुढे पंचवीसेक वर्षांनी पत्रात लिहिलं. सोबत गायलोही, पण गाणं काही फारसं बरं झालं नाही, हेही त्यानंच कबूल केलं. असा प्रामाणिक निवेदक नंतर झाला नाही. बोटीवरच्या कुणी ते ऐकल्याची त्या वेळची नोंद मात्र अभ्यासकांना सापडलेली नाही, त्यामुळे त्याचं गाणं खरंच कसं झालं हे सांगायला तो एकटाच उरला.

मला या सगळ्यांत आवडते ती नेली मेल्बा. ऑस्ट्रेलियाची मोठी गायिका. १५ जून १९२० रोजी तिला इंग्लंडात चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यात गायला आणलं. बाईंच्या पुढ्यात जो मायक्रोफोन ठेवला होता, तो टेलिफोनचा बोलायचा भाग आणि सिगारच्या खोक्याचं लाकूड यांतून जुळवलेला होता. असा किस्सा सांगतात की इंजिनिअरनं तिला बाहेरचे उंचच उंच एरियलचे खांब दाखवले आणि म्हणाला, तुमचा आवाज तिथून जगभर जाईल. त्यावर बाईंनी सुनावलं, मी तिथे चढेन असं वाटत असेल तर विसरा. आमच्या आईनं हा किस्सा ऐकला आणि म्हणाली, "बरोबर बोलली. आपण सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर चढवतात."

साडेसातला बैठक बसली. मी हेडफोन लावले, मिशी उचलली, टेकवली. काही नाही. उचलली, टेकवली. काही नाही. इथे एक सांगायला हवं. या सेटला स्वतःची ताकद शून्य. स्टेशनाकडून तारेवर जेवढी ऊर्जा येऊन आदळते, तेवढ्यावरच हेडफोनचा पडदा हलायचा. म्हणजे माशीनं पंख हलवावेत इतपत आवाज. त्यामुळे पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं. मुलगी बिस्किटाच्या पुड्याशी खेळत होती, तो काढून घेतला. ही साडीची घडी करत होती, तर मी खूण करून साडीकडे बघितलं. त्या बघण्याचा हिशेब नंतर झाला, तो इथे देत नाही.

आठ वाजून गेले. १९२४ च्या मे महिन्यात बीबीसीनं बिअॅट्रिस हॅरिसन हिच्या बागेत मायक्रोफोन मांडला होता. ती चेलो वाजवणार आणि तो ऐकून नाइटिंगेल पक्षी गाणार, असा बेत. तिनं वाजवलं, वाजवलं, पक्षी ढिम्म. कार्यक्रम संपायला थोडाच वेळ राहिला तेव्हा तो गायला. मी तेच मनाशी घोळवत होतो. पक्ष्यालासुद्धा वेळ लागतो.

आणि एकदम कानात काहीतरी सरकलं.

"श्श! आलंय!" मी ओरडलो. माझ्याच ओरडण्यानं टेबल हललं आणि ते गेलं.

पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा आलं. या वेळी मी तोंड मिटून, फक्त डाव्या हाताचा अंगठा वर केला. व्हायोलिन होतं. किंवा बाई गात होती. मध्येच एक भारदस्त पुरुष किडीच्या बंदोबस्ताबद्दल बोलू लागला, कारण माझ्या सेटला दोन स्टेशनं वेगळी करणं जमत नाही. व्हायोलिन वरच्या पट्टीत गेलं की पुरुष म्हणे, "फवारणी करावी." तरीही माझ्या अंगावर काटा आला. बॅटरी नाही, प्लग नाही, आणि माझ्या बासष्ट की ऐंशी वेढ्यांतून फवारणी येत होती!

मुलीनं हेडफोन लावले. "बाबा, मुंगी रडतेय." हिनं लावले आणि म्हणाली, "छान आहे," म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग जुनी युक्ती काढली. त्या काळी सगळ्या घराला ऐकवायला हेडफोन मोठ्या वाडग्यात ठेवत. मी स्टीलचं पातेलं आणलं, हेडफोन आत ठेवले आणि आम्ही चौघं पातेल्यावर डोकी वाकवून बसलो. तेवढ्यात दार लोटून काका आले. त्यांनी पातेल्यात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

शेवटी आईनं हेडफोन मागितले. खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून बसली. मी श्वास रोखून, ही हाताची घडी घालून, मुलगी बिनबिस्किटाची. पाच मिनिटं, दहा, पंधरा. आईचं बोट खुर्चीच्या हातावर हळूहळू ताल धरत होतं. मला अगदी भरून आलं. न्हाणीघरात नळाचा आवाज आला तेव्हा कळलं, ही मघाशीच उठून गेली होती. मी धावलो. अर्थची तार बादलीत तरंगत होती.

परत येऊन आईला विचारलं, "आई, आवाज कधी गेला गं?"

"मघाशीच," आई डोळे न उघडता म्हणाली.

"मग हेडफोन का नाही काढलेस?"

"अरे, काढले असते तर तुम्ही सगळे बोलायला लागला असतात ना!"